उठवला की पुन्हा झोपणारा लॅपटॉप

दामिनीला एका जागी बसवायचं म्हणजे देवालाही घाम फुटेल. चहा उकळेपर्यंत ती अंगणात दोन चकरा मारून येते. उमरेडच्या विणकर घरात वाढलेली. मागावर धागा तुटला की तो सापडेपर्यंत जेवायचं नाही, ही माहेरची खोड तिच्यात पुरती उतरली आहे.

सध्या मात्र धागा सापडत नव्हता. वाचनालयाला दान आलेल्या जुन्या लॅपटॉपांवर तिने लिनक्स ही फुकटची, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम टाकली होती. शिकणाऱ्या गरीब मुलींना ते द्यायचे होते. वाचनालयाचे अध्यक्ष कृष्णकांत उद्या त्यातला एक बघणार होते. मशीन बंद पडलं तर सगळा माल भंगारात, असं त्यांनी बजावलं होतं. आणि दाखवायचा म्हणून घरी आणलेला लॅपटॉप नेमका दामिनी टाइप करायला बसली की झोपायचा. उठवला की पुन्हा झोप! तिने सेटिंग उलटीपालटी केली, सिस्टीम नव्याने टाकली. मशीनच्या नोंदीत तेच ते: झाकण बंद झालं. झाकण तर सताड उघडं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात सासूबाई, कुसुमावती, त्याच लॅपटॉपवर निवांत भजनं ऐकत.

"माह्यापाशी तर चांगला चालून राहिला. तू बसली का झोपते, काहून वं?"

दामिनी धुसफुसत कणीक मळायला गेली. डाव्या हातातलं, तब्येतीसाठी घालतात ते चुंबकाचं कडं तिने कोपराकडे सरकवलं. मागे तिला भोवळ आली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या हातातलं काढून तिला घातलं होतं, कधी काढायचं नाही या बोलीवर. दामिनीचा असल्या कड्यांवर काडीचा विश्वास नाही. पण शब्द दिला तो दिला.

मळता मळता तिला एक सेटिंग आठवली. पिठाच्या हातांनीच धावत जाऊन ती टाइप करू लागली. लॅपटॉप जागा! ती ओरडणार, तोच कडं घसरून मनगटावर आलं आणि पडदा काळा झाला.

झाकण मिटलं की त्यातलं चुंबक कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर येतं, त्यावरूनच मशीनला ते कळतं. तिथे टेकलेल्या कड्यालाच ते झाकण समजत होतं. दामिनी हसत सुटली. सासूबाईंचं तोंड मात्र उतरलं.

"म्हणजे माह्या कड्यानंच?"

सकाळी निघताना त्यांनीच तिच्या हातातलं कडं काढून घेतलं. मेट्रोत दामिनी रिकाम्या मनगटावरून बोटं फिरवत राहिली. ज्यावर विश्वासच नाही त्याच्यासाठी जीव असा कासावीस का व्हावा? तिला स्वतःचाच राग आला.

वाचनालयात लॅपटॉप एकदाही आपणहून झोपला नाही. कृष्णकांतांनी झाकण मिटवून पाहिलं, उघडताच तो जिथल्या तिथे उठला. "द्या पोरींले," ते म्हणाले.

घरी सासूबाई कडं घेऊन दारातच उभ्या होत्या.

"झालं, आई. घाला." दामिनीने डावा हात पुढे केला.

त्यांनी तो बाजूला सारला. "उजवा दे. त्या कोपऱ्याकडं डावाच जाते न? सकाळपासून तोच विचार करून राहिली मी. पोरी बी शिकल्या पाहिजे, अन् मले तू बी पाहिजे."

दामिनी तिथेच उंबऱ्यावर बसली. आत चहा उतू गेला, तरी उठली नाही.