भुवयांचा नट आणि माझ्या नऊ कॅसेटी

ज्या देशात तेव्हा सिनेमाचं थिएटरच नव्हतं, त्या देशात मी आयुष्यातले सगळ्यात जास्त सिनेमे पाहिले. तेही जुने हॉलिवूडचे, बहुतेक मुके, काळे-पांढरे. त्यांतल्या एकाचीही गोष्ट मला आज धड सांगता येणार नाही, कारण गोष्ट बघायचीच नव्हती. बघायचा होता तो गोष्टीत कुठेतरी मागे उभा असलेला एक माणूस.

दोन हजार तीन-चार सालची हकीकत आहे. सौदी अरेबियातल्या यान्बूच्या एका कारखान्यात मी पंपांच्या देखभालीचा सुपरवायझर होतो. राहायला कंपनीच्या वसाहतीतली बॅचलर क्वार्टर. बॅचलर म्हणजे बायको आणि मुलगी नाशिकला आपल्या आईजवळ ठेवून आलेला. माझ्या दर्जाच्या माणसाला कुटुंब आणायची परवानगी नव्हती. मुलगी दोन वर्षांची असताना आलो, आता ती अकराची होती. वर्षातून एक महिना रजा. नऊ वर्षं मी बाप होतो असं म्हणायचो, पण हिशेब केला तर ते नऊ महिनेच भरले असते. तक्रार करणार कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

आमच्या कारखान्यात टर्बाइनसाठी एक म्हातारा अमेरिकन सल्लागार होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एकदा कँटीनमध्ये तो माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि विचारलं, "तुझ्याकडे चालू व्हीसीआर आहे असं ऐकलं. माझ्या व्हीसीआरने काल एक कॅसेट खाल्ली. शुक्रवारी सकाळी येऊ का?" नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. शुक्रवारी सकाळी यान्बूत जुम्म्याची नमाज होईपर्यंत दुकान उघडं नाही, रस्त्यावर माणूस नाही. त्या वेळात मी साधारणपणे शर्टांना इस्त्री करायचो, इस्त्री झालेल्यांनासुद्धा.

तो खोकं घेऊन आला. खोक्यात तीसेक कॅसेटी आणि मिनिटांचे आकडे लिहिलेली एक निळी वही. पहिली कॅसेट लावली आणि आरंभालाच पळवायला सुरुवात केली. वहीत बघायचा, पळवायचा, थांबायचा. मग पडद्यावर एका कोर्टातला देखावा आला. मागे न्यायाधीशाच्या खुर्चीत एक गृहस्थ, दाट काळ्या भुवया, हातोडा आपटून काहीतरी म्हणतोय. सात-आठ सेकंद. "हे माझे आजोबा," म्हातारा म्हणाला आणि कॅसेट काढून दुसरी घातली.

मला वाटलं, हा माणूस ठार वेडा आहे. सबंध सिनेमा सोडून सात सेकंद बघायला कोणी तीस कॅसेटी घेऊन वाळवंटात येतं का? पण पुढच्या शुक्रवारी मीच चहाचं आधण ठेवून वाट बघत होतो.

आजोबांची कारकीर्द मला अशी तुकड्यातुकड्यांनी कळली. सोळाव्या वर्षी ते घरातून पळून एका फिरत्या नाटक कंपनीत गेले. वीस-पंचवीस वर्षं गावोगाव नाटकं केली. नाव झालं ते आवाजामुळे. शेवटच्या बाकावर बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलासुद्धा शब्द कळायचा म्हणे. मग सिनेमा आला. नाटकवाल्यांना सिनेमात जाण्याची लाज वाटायची, म्हणून आजोबांनी पहिल्या काही चित्रपटांत आपलं नावच लावू दिलं नाही. पण पोट सगळ्यांनाच असतं. ते कॅलिफोर्नियाला गेले आणि मुक्या सिनेमाने त्यांचा आवाज बाजूला ठेवून फक्त भुवया घेतल्या. न्यायाधीश, पाद्री, बँकेचा मालक, नायिकेचा कडक बाप. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग बोलपट आला. सगळे म्हणाले, आता तुमचे दिवस आले. आणि त्याच सुमाराला घशाचं ऑपरेशन होऊन आवाज बसला. पुढची सगळी वर्षं ते वेटर होते, कोचमन होते, गर्दीतला एक टोपीवाला होते.

"मी त्यांना कधी भेटलो नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या जन्माआधीच गेले. मला त्यांच्या भुवया पाठ आहेत, पण ज्या आवाजासाठी लोक तिकीट काढायचे तो कसा होता ते ठाऊक नाही."

"एकाही बोलपटात बोलले नाहीत?"

त्याने खोक्यातली तळाची कॅसेट काढली. एका हॉटेलचा दरवाजा, नायक-नायिका आत येतात आणि मागून एक वाकलेला हमाल दोन पेट्या घेऊन येतो. तो म्हणतो, "सामान कुठे ठेवू, साहेब?" कोणी उत्तर देत नाही. एवढंच. आवाज घोगरा, फाटका. म्हाताऱ्याने ते वाक्य चारदा लावलं. चौथ्या वेळी तो हसला आणि म्हणाला, "हा नव्हे. तो आवाज निराळा होता." मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी उठून कप विसळायला गेलो.

मी विचारलं, तुमचे वडील तरी सांगत असतील काहीतरी. म्हाताऱ्याने मान हलवली. वडिलांनी आजोबांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. मुलगा मोठा होत होता तेव्हा बाप दौऱ्यावर, आणि दौरे संपले तेव्हा मुलाला बापाची गरज उरली नव्हती. वडिलांनी एकच आठवण सांगितली होती. एकदा आजोबा फार दिवसांनी घरी आले आणि दाराशी नुसते उभेच राहिले, कोणत्या बाजूने प्रवेश करायचा हे कोणीतरी सांगेल म्हणून थांबल्यासारखे. "वडिलांना ते शेवटपर्यंत विनोदी वाटायचं," तो म्हणाला. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

त्याच महिन्यात माझ्या कराराचा कागद आला. अजून दोन वर्षं राहायचं असेल तर महिनाअखेरीच्या आत सही, नाहीतर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, परत आणि फायनल एक्झिट, कायमचं घरी. आतापर्यंत चार वेळा मी तो कागद हातात पडल्या पडल्या सही करून दिला होता. या वेळी तो टेबलावर राहिला. आठवड्याच्या फोनवर बायको म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी या म्हटलं तर उद्या म्हणाल, तूच बोलावलंस." बरोबरच होतं. मुलीला फोन दिला. शाळा कशी आहे? हं. अभ्यास? हं. जेवलीस? हं, झालं. आईकडे देऊ? मी म्हटलं, दे.

मग मी कपाटातल्या माझ्या कॅसेटींकडे वळायचो. दर रजेला मी हँडीकॅम घेऊन जायचो आणि महिनाभराचं सगळं टिपून आणायचो. परतताना कस्टमवाला कॅमेऱ्यात कॅसेट चालवून बघायचा तेव्हा जीव मुठीत असायचा. एका रजेची एक, अशा नऊ कॅसेटी. त्या लावून बसायचं म्हणजे दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी होतं.

म्हाताऱ्याचा करार संपला. जाण्याआधी त्याला सगळ्या कॅसेटींच्या डिस्क करून हव्या होत्या. बाजारात रत्नागिरीकडचे एक भाई होते. व्हिडिओ दुरुस्त करायचे, लग्नाच्या कॅसेटी डिस्कवर उतरवून द्यायचे. म्हाताऱ्याचं खोकं पोचवलं, त्याच्या डिस्क वेळेवर झाल्या आणि तो गेला. जाताना निळी वही मला दाखवून म्हणाला, "मी गेल्यावर ही कोण वाचणार?" मी द्या म्हटलं असतं तर बहुतेक मला दिली असती. मी त्याची बॅग उचलून दाराशी नेली आणि विमानतळाची गाडी आली. त्या शुक्रवारी मी पुन्हा शर्टांना इस्त्री केली.

माझ्या नऊ कॅसेटी मी त्याच भाईंकडे टाकल्या होत्या. पंधरा दिवसांनी आणायला गेलो. भाईंनी बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. पण डिस्क काही काढीनात.

"झालं नाही का काम?"

"झालाय ना. कवाच झालाय." ते काऊंटरवरची धूळ पुसत राहिले. "सायेब, एक इचारू? राग मानू नका. ह्या क्यासेटी कुनाच्या?"

"माझ्या. म्हणजे काय?"

"मी नऊच्या नऊ बगितल्या. बगायला लागतात, मदी कुठं अडकली तर. टीवी भिंतीकडं फिरवून ठेवला व्हता, दुकानात गिऱ्हाईक येतात, बायामानसं दिसतात त्यात." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "वैनी हायत, पोर हाय, एक म्हातारी हाय. तुमी कुठंच नाय. एका पन ठिकानी नाय. दुसऱ्याच्या घरच्या बायांची क्यासेट असली नि मी तुमच्या हातात दिली, तर उद्या अल्लाला काय सांगू?"

माझा पारा चढला. मी म्हणालो, "भाई, कॅमेरा माझ्या हातात होता. मी दिसणार कसा?"

"तां खरा," ते म्हणाले, पण हात गल्ल्याखालच्या पाकिटावरच राहिला. नऊ वर्षांत एखाद्या माणसाने एकदाही कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला नसेल हे त्यांना पटत नव्हतं. मला मात्र आता पटत होतं. मुलगी माझ्याकडे धावत यायची तेव्हा मी तिची पावलं टिपत होतो. ती पडली तेव्हाही टिपत होतो. कडेवर घेतल्याचं कुठेच नव्हतं.

मी काय सिद्ध करणार? इकाम्यावर बायकोचा फोटो नसतो. शेवटी चिडून म्हणालो, "मग आता मी काय करू?"

भाई एकदम माझ्याकडे बघू लागले. "पुना बोला. आसं बोला, 'जरा मागं सरक'."

दुकानात दोन पाकिस्तानी ड्रायव्हर उभे होते. त्यांच्यासमोर मी स्टुलावर बसून म्हणालो, "जरा मागे सरक. उजेडात ये. हं, आता माझ्याकडे बघ. हस."

"तुमीच!" भाईंनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "माफ करा, सायेब. हाच आवाज. सगळीकडं हाच हाय."

खोलीवर येऊन मी एक वही घेतली आणि म्हाताऱ्यासारखा बसलो. प्रत्येक कॅसेटमध्ये मी काय बोललो ते मिनिटासकट लिहायचं. प्रत्येक कॅसेट एकसारखीच सुरू होत होती: नाशिकच्या घराचं दार उघडतं, आणि मी उंबऱ्यातूनच, बूटसुद्धा न काढता, बोलतो. मागे सरक. उजेडात ये. केस मागे घे. माझ्याकडे बघ. मग पुढे: सरळ उभी राहा. पुन्हा एकदा ये. नीट नाही आलं, पुन्हा. आईला बाजूला हो म्हण. आठ पानं भरली. त्या आठ पानांत मी मुलीला एकही प्रश्न विचारला नव्हता. बहिऱ्या म्हातारीला ऐकू जाईल असा आवाज होता माझा, आणि सांगायला हेच.

फक्त सातव्या कॅसेटमध्ये एक जागा सापडली. कॅमेरा बंद करायला विसरून मी तो कॉटवर ठेवला होता. दोन मिनिटं नुसता छताचा पंखा फिरतोय. बाजूला ताटांचे आवाज. मुलगी विचारते, "बाबा, तिकडे तुम्हाला जेवायला कोण वाढतं?"

"कोणी नाही. माझं मीच घेतो."

"मग आग्रह कोण करतं?"

पुढे माझं उत्तर असेल म्हणून मी कान लावले. पंख्याचाच आवाज होता, आणि मग मी म्हणतो, अरे, कॅमेरा चालूच राहिला की, आणि चित्र संपतं.

मी ते पुन्हा लावलं. चौथ्या वेळी मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. सकाळी ऑफिसात जाऊन कागद सही न करता परत दिला. कारकुनाने दोनदा विचारलं, "खलास?" मी म्हटलं, खलास. कॅमेरा भाईंना देऊन टाकला. ते घेईनात, पण मी तो काऊंटरवर ठेवूनच बाहेर पडलो.

नाशिकला पोचलो तेव्हा दुपार होती. मी कायमचा येतोय हे घरी माहीत होतं. विमानात मी ठरवून ठेवलं होतं की दार उघडलं की एक अक्षर बोलायचं नाही, आधी बूट काढायचे आणि तिला जवळ घ्यायचं.

दार मुलीनेच उघडलं. गेल्या वर्षीपेक्षा चांगली वीतभर उंच. मला बघून तिचा चेहरा उजळला, पाय पुढे आले, आणि मग ती थबकली. दोन पावलं मागे सरकली. खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी केस कानामागे घेतले, फ्रॉक सारखा केला आणि हसली. माझ्याकडे बघून नव्हे. ती माझ्या हातांकडे बघत होती.

माझ्या हातात बॅगा होत्या. त्या कुठे ठेवायच्या मला कळेना, मी तसाच दारात उभा राहिलो.

हसू तसंच ठेवून तिने हळूच विचारलं, "बाबा, कॅमेरा कुठाय?"

"नाही आणला."

तिने हात खाली घेतले. आईकडे बघितलं, मग पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे.

"मग आता काय करायचं?" ती म्हणाली.