किल्ली काढली तरी चालणारी गाडी

"बंद करा ते! आज रविवार आहे, रविवार."

दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारबुवा गॅलरीतून ओरडत होते. जर्मनीतल्या या गावात रविवारी आवाजाला बंदी. भाषा जर्मन, पण सूर थेट आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा. मी खाली उभा राहून त्यांना किल्ली दाखवत होतो. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन आपलं घडघड घडघड चालूच. ही डिझेल गाडी जवळजवळ माझ्याच वयाची. विद्यापीठातल्या एका पीएचडीवाल्याने देश सोडताना ती माझ्या गळ्यात मारली होती. त्या दुपारी तिच्या आवाजाने कायझर्सलाउटर्नची कबुतरं जी उडाली ती बेल्जियममध्ये उतरली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी.

म्हातारबुवा सपाता घालून खाली आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतला एक खटका दाबला. इंजिन मेलं. एवढी शांतता झाली की मला माझी भूक ऐकू आली.

"व्हॅक्यूम," ते म्हणाले. "कुठेतरी गळतंय. शनिवारी बघू. रविवारी हात लावायचा नाही."

शनिवारी त्यांनी मला समजावलं. या गाडीत एक पंप हवा ओढत असतो. किल्ली फिरवली की ती ओढ एका डबीपर्यंत जाते, डबी डिझेल तोडते आणि इंजिन थांबतं. दारांची, डिकीची, टाकीच्या झाकणाची कुलुपंही त्याच ओढीवर चालतात. म्हणजे सगळं एकत्र कुटुंब. एका दाराच्या नळीला चीर पडली की तिकडे इंजिन कुणाचं ऐकत नाही.

मी लगेच एक नळी उपसून तोंडाला लावली. ज्याने स्कूटरच्या टाकीतून पेट्रोल ओढलंय त्याला यंत्र कशाला? हवा ओढायची आणि टोकावर जीभ टेकवायची. जीभ चिकटून राहिली तर नळी शाबूत, सुटली तर गळकी. म्हातारबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीचा मुका घेतला.

"हे काय?"

"आमच्याकडची पद्धत."

"अस्वच्छ पद्धत," म्हणून ते वर गेले आणि काटा असलेला छोटा हातपंप घेऊन आले. माझ्या जिभेने नुकतीच जिथे तपासणी केली होती ते टोक त्यांनी फडक्याने दोनदा पुसलं.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"नाइन, डांके."

आपल्यात पहिलं 'नको' धरत नाहीत. मी आलं घालून चहा आणला. तो कठड्यावर गार होत राहिला. "मी नको म्हणालो होतो," ते म्हणाले, आणि काटा वाचू लागले.

कुलुपांकडे जाणारी नळी त्यांनी एक स्क्रू खुपसून बंद केली. किल्ली फिरवली तर इंजिन शहाण्यासारखं थांबलं. म्हणजे गळती कुलुपांत. आता एकेक कुलूप तपासायचं. ते हात पुसायला वर गेले तेवढ्यात मी जीभ लावून घेतली. मागचं डावं दार. जीभ सपशेल सुटली.

हे मी त्यांना सांगितलं नाही.

कारण असं, की त्या काळात आठवडाभर माझ्याशी नियमाने बोलणारी एकच बाई होती, बसमधला पुढचा थांबा सांगणारी, आणि ती टेपवर होती. ऑफिसात दुपारी 'मालत्साइट', म्हणजे जेवणवेळेचा रामराम, म्हणून सगळे जेवायला जात आणि आपापसांत बोलत. घरी गेलं की मी मोठ्याने बातम्या वाचून दाखवायचो, कुकरला. तेव्हा मी म्हातारबुवांना आधी डिकीकडे नेलं, पुढच्या शनिवारी टाकीच्या झाकणाकडे, मग उजव्या बाजूच्या दोन्ही दारांकडे, मग पुढच्या डाव्या दाराकडे. प्रत्येक ठिकाणी काटा जागचा हलेना. ते "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान डोलवायचे आणि मी कपाळाला आठ्या घालायचो. एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं की बायको गेल्यापासून त्यांनी अशा गाडीला हात लावला नव्हता. मी ते वाक्य आठवडाभर पुरवून खाल्लं.

पण गाडीला दारं तरी किती असणार? शेवटी मागचं डावं आलं. काटा घसरत घसरत शून्यावर गेला. आत रबराचा पडदा फाटला होता. त्यांनी आपल्या जुन्या गाडीतून काढून ठेवलेला एक बसवला, स्क्रू काढला, नळी जोडली. मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावली, तर चारही दारांची कुलुपं एकदम खट् करून लागली. त्यांनी हातपंप पेटीत ठेवला, फडक्याची घडी घातली.

मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी माझ्या घरी या की. पोहे करतो. नुसतं बसू."

त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"कशाला?" ते म्हणाले. "गाडी आता बंद होते."