रोजची तेवीस सेकंदं

माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मालकांना आम्ही सगळे कानसेन म्हणतो, कारण बिघडलेलं मशीन आलं की आधी त्याला कान लावून पंख्याचा आवाज ऐकतात. मी समोरासमोर भाऊ म्हणते. वय बासष्ट, बायको जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात. तिचा फोन वाढदिवसाला यायचा. तोही तीन मिनिटांत आटपायचा.

मग एक दिवस मुलीने त्यांना एक जुनी व्हिडिओ कॅसेट पाठवली. तिच्या आईची, चाळीस मिनिटांची. आई गेली तेव्हा पोर तीन वर्षांची, तिला चेहरासुद्धा आठवत नाही. कॅसेटला बुरशी लागलेली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. "बाबा, तुम्ही साफ कराल?" भाऊंनी ती कॉम्प्युटरवर चढवली आणि साफ करायला लावली. चाळीस मिनिटांची साठ हजार चित्रं, एका चित्राला अडीच मिनिटं. दिवसाकाठी जेमतेम तेवीस सेकंदांची फिल्म तयार होई.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. "बाबा, कुठवर आलं?"

"आज आई दारापर्यंत आली."

त्यानंतर रोज साडेनऊला फोन. भाऊंचा फोन स्पीकरवर आणि आमच्यामधली भिंत ही अशी पातळ, मला सगळं ऐकू यायचं. आज आईने केस बांधले. आज आई खुर्चीवर बसली, हसतेय, पण कुणाकडे बघून ते उद्या कळेल. हळूहळू फोन लांबत गेला. जेवलात का, गुडघा कसा आहे, चष्मा बदलला का. मी कात्री खाली ठेवून ऐकायची. हो, ऐकायची! मला तरी कोण आहे फोन करायला?

एकदा मी विचारलं, "भाऊ, एवढं हळू का हो चालतं?"

त्यांना असं कोणी विचारलं की कळी खुलायची. म्हणाले, "ताई, तुम्ही कोटाला बाही लावता. आधीचा टाका बघून पुढचा घालता. एकटी बाई, पण डोकं लावून काम. मशीनमधला प्रोसेसर तसा. कसलंही अवघड काम द्या, करेल, पण एकामागून एक. आता दहा हजार शर्टांना बटणं लावायची आहेत. तिथे हजार बायका बसवायच्या, प्रत्येकीला एक सुई. त्यांतल्या एकीलाही कोट जमणार नाही, पण बटणं दुपारपर्यंत लागतील. ते ग्राफिक्स कार्ड."

"म्हणजे अक्कल कमी, हात जास्त?"

"अगदी! आणि चित्र म्हणजे नुसते ठिपके. लाखो बटणंच म्हणा ना."

"मग हे काम त्या बायकांना का नाही देत?"

भाऊ मशीनकडे वळले. पंख्याला कान लावून बसले. मला वाटलं, कार्ड महाग असेल.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे स्क्रू मागायला गेले, तर कपाटात कार्ड! खोक्यात, वर नाव छापलेलं, चांगलं धडधाकट. भाऊ बाहेर गेले होते, आणि नेमका टेबलावरचा फोन वाजला. साडेनऊ. मी उचलला, शेजारची शिलाईवाली म्हणून सांगितलं.

"मावशी, बाबा कुठे आहेत? कुठवर आलं?"

आता गप्प बसावं की नाही! पण अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी. म्हटलं, "अगं, तुझ्या बाबांच्या कपाटात ग्राफिक्स कार्ड पडलंय. ते लावलं तर दिवसात होईल सगळं."

दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून ऐकलं. "बाबा, कार्ड आहे तर लावा ना! मला कधी एकदा सगळं बघते असं झालंय."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाले, "लावतो."

लावलं. सकाळी सुरू केलं, संध्याकाळी संपलं. मुलीने पूर्ण फिल्म पाहिली, फोनवर तासभर रडली, हसली. "बाबा, थँक्यू," म्हणाली. मीही इकडे डोळे पुसले आणि स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाऊ मात्र सव्वानऊपासून फोनसमोर स्टूल ओढून बसायचे. दहा वाजले की उठायचे.

बाराव्या दिवशी मला राहवलं नाही. गेले आणि विचारलं, "भाऊ, कार्ड कपाटातच होतं, मग आधी का नाही लावलं?"

"लावलं असतं तर एका दिवसात संपलं असतं."

"मग?"

"मग ती फोन कशाला करेल?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तीन महिने पुरले असते ते फोन. मी नको तिथे शहाणपणा पाजळला आणि एका दिवसात उडवून टाकले. घरी जाऊन मी तिला फोन लावला, खोटंच म्हटलं, बाबांचं मशीन बंद पडलंय. "अहो मावशी," ती हसून म्हणाली, "त्यांना काय, ते करतील दुरुस्त."

मग मी माळा उपसला. एकच कॅसेट सापडली, दिराने घर बांधताना काढलेली. सिमेंट, विटा आणि मधेच माझी जाऊ. जिचं तोंड अजून स्पष्ट दिसावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. भाऊंच्या टेबलावर ठेवली.

"घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"काही घाई नाही. आधी ते कार्ड काढा."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दोन कप चहा घेऊन मी त्यांच्या दारात गेले. "भाऊ, कुठवर आलं?"

"दहा विटा झाल्या," ते फोनकडे बघत म्हणाले.