गाडीला लाँचचं सील

पावसच्या शाळेत सहावीचा तास चालू होता. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. अप्पा गेले होते. मी खडू ठेवला, पदराला हात पुसले आणि स्वतःच गाडी चालवत रत्नागिरीला आले. वाटेत रडले नाही. स्टिअरिंगवर बसलं की डोळे कोरडे पाहिजेत, अशी त्यांचीच शिस्त होती. घरी पोचल्यावर मात्र धीर सुटला... आता त्याला काही आठवडे होऊन गेले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म बोटीवर, इंजिनच्या खोलीत गेला. निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जुनी, गोल पाठीची गाडी घेतली. माझे यजमानही बोटीवरच, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही तिघंच : अप्पा, सासूबाई आणि मी. कोकणी माणसाला फणस म्हणायची पद्धत आहे. अप्पांचे काटे सगळ्या आळीला ठाऊक होते. गरे मात्र ते माणूस बघून वाटत. माझ्या वाट्याला बरेच आले. दुपारची भांडी झाली की भाट्याच्या किनाऱ्याकडे नेऊन त्यांनी मला गाडी शिकवली होती.

पुढे पावसच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळायची वेळ आली. मुख्याध्यापकांची अट एकच, पहिल्या घंटेला हजर पाहिजे. आमच्याकडची पहिली एसटी घंटेनंतर पोचायची. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "बायमाणूस एकटी गाडी घेऊन जाणार? चढणीवर बंद पडली म्हंजे कोणाला हाक मारील?" त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

आणि नेमकी तेव्हाच गाडी तेल गाळायला लागली. दुष्काळात तेरावा महिना. इंजिनच्या पुढच्या पुलीमागचं ऑइल सील कडक होऊन गेलं होतं. सील म्हणजे रबराची एक कडी. फिरत्या दांड्याला घट्ट बिलगून बसते आणि तेल आतच ठेवते. आमच्या गावात गाडीचं काही बिघडलं की माणूस आधी बंदरावर जातो. मच्छीमारांच्या लाँचना लागणारं सगळं तिथल्या दुकानात मिळतं, आणि लाँचला चालतं ते गाडीला का चालू नये, असा आमचा सरळ हिशेब. अप्पा जुनं सील खिशात घालून गेले, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं जुळवून नवं सील घेऊन आले. जुळलंही तंतोतंत. त्यांनी स्वतःच्या हातानं ते बसवलं, इंजिन चालू केलं, आणि तेल आधीपेक्षा जास्त यायला लागलं.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप जरा जोरात पाखडलं. अप्पांनी सील पुन्हा काढलं आणि चिडून हात धुवायला गेले. नोकरी हातची जाणार, हे दिसत होतं. काहीतरी करायचं म्हणून मी दोन्ही सिलं फडक्यानं पुसली. पुसताना दिसलं, आतल्या ओठावर, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या कडेवर, बारीक तिरक्या रेघा होत्या. जुन्याच्या एका बाजूला कललेल्या, नव्याच्या दुसऱ्या.

"अप्पा, या रेघा उलट्या का आहेत?"

त्यांनी ओल्या हातांनीच सील घेतलं, उन्हात धरलं आणि बोटाभोवती सावकाश फिरवलं. मग खाली बसले. "लाँचचा तो दांडा उलटा फिरतो गो. ह्या रेघा तेल आत ढकलायला असतात. आपल्या गाडीत त्या बाहेर ढकलतायत." सील फडक्यावर ठेवून म्हणाले, "जन्म इंजिनात गेला, आणि मी नुसतं माप बघितलं."

दुसरा कोणी असता तर गोष्ट तिथंच पुरली असती. अप्पा ओट्यावर गेले आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाले, "चूक माझी हाय. सूनबायनं धरली. आता सांग, वाटेत काय बिघडलं तर हिला कळंल की नाय?" सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "कळंल," म्हणाल्या, आणि आत चहा ठेवायला गेल्या.

योग्य सील कोल्हापूरहून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आलं. बसवण्याआधी अप्पांनी रेघा मला तपासायला लावल्या, ओठाला तेलाचं बोट मला फिरवायला लावलं. मी वेळेत रुजू झाले. पुढं शाळेनं मला जे जे दिलं, पगार, मुलं, गावात बाई म्हणून मिळालेला मान, ते सगळं त्या दुपारी ओट्यावर अप्पांनी मिळवून दिलं, असं मी मानते. हे त्यांना कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते ओरडलेच असते.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवत. सकाळी मी निघायच्या आत वाकून बघत आणि "कोरडा हाय, जा" म्हणत. एवढाच निरोप. अप्पांचे दिवस झाल्यावर पहिल्यांदा शाळेला निघाले, तर पुठ्ठा गाडीखाली होता. मी वाकून पाहिलं, कोरडा होता. चावी लावली, पण गाडी सुरू करवेना. तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला. "संध्याकाळी मीच सरकवला तो. कोरडा असंल तर जा."