वॉकरखालचे चेंडू

मुलांनो, तुम्ही पाठवलेले, तिकडच्या त्या प्लॅटफॉर्म टेनिस नावाच्या खेळाचे चेंडू माझ्या वॉकरच्या चारही पायांना बसवले. इथले साधे टेनिसचे चेंडू पोकळ. महिन्याभरात फाटायचे आणि माझी टकटक पुन्हा सुरू व्हायची. तुमचे आतून भरीव, झिजायचं नाव घेत नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या साठेबाई परवा लिफ्टपाशी म्हणाल्या, "काकू, हल्ली तुम्ही वर आहात की नाही, तेच कळत नाही. किती छान!"

मला ते मुळीच छान वाटलं नाही. म्हातारपणी माणसाच्या आवाजावर आधी गवसणी घालतात. एकटीच राहते मी. उद्या उठले नाही, तरी खाली शांतताच ऐकू येईल.

आज कामवालीला चारही चेंडू काढायला लावले आणि दुपारभर साठेबाईंच्या डोक्यावर फेऱ्या घातल्या.

तुमचे चेंडू टिकाऊ आहेत. पुन्हा पाठवू नका.