सहादूभाऊंची सकाळची मुळं

सहादू गावित आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र विभागाचे परिचर होते. पेठ तालुक्यातले, दहावी झालेले, बुटके, मोजकं बोलणारे. मी १९९६ साली तिथे शिकवायला लागले तेव्हा त्यांचं काम म्हणजे बाटल्या धुणं, काचपट्ट्या पुसणं आणि विभागप्रमुख बोरस्ते सरांना चहा आणून देणं.

दुसऱ्या वर्षाला पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल असतं. कांदा पाण्याच्या बाटलीवर ठेवायचा, मुळं फुटली की टोकं कापून रंगवायची, काचपट्टीवर दाबायची आणि मायक्रोस्कोपमधून दुभंगणाऱ्या पेशी पाहायच्या. आमच्याकडे त्या कधी कोणाला दिसत नसत. पोरं सीनियरच्या जर्नलवरून आकृत्या उतरवायची आणि आम्ही सह्या ठोकायचो. मीही ठोकल्या. लासलगावचा कांदा देशभर जातो आणि आमच्या पोरांना त्याची एक पेशी धड पाहता येत नव्हती. आज आठवलं तरी किळस येते.

एकदा सहादूभाऊ म्हणाले, "मॅडम, रागवू नका. पोरं वहीत काढतात ते यंत्रात दिसत नाय."

"तुम्ही पाहिलंत?"

"पुसताना पाहतो की. रोज."

मला सांगितलं गेलं होतं तेच मी सांगितलं, की दिसायला नशीब लागतं. ते म्हणाले, "नशिबाचं काय त्यात? मूळ वाढतंय ना? मग कधीतरी फुटतच असतील."

त्यांनी महिनाभर खटाटोप केला. सकाळी सहाला येऊन दर अर्ध्या तासाला मुळं कापायची, पेशी आहे त्या स्थितीत थांबवणाऱ्या द्रावणात टाकायची आणि बाटलीवर वेळ लिहायची. रंगवायचं काम माझं. दुपारी एकची, म्हणजे आमच्या प्रॅक्टिकलच्या वेळेची मुळं जवळजवळ रिकामी निघाली. साडेआठच्या बाटलीत मात्र दुभंगणाऱ्या पेशीच पेशी. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, "वाटणी चाललीय मॅडम. अन् भांडण नाय."

आणखी एक त्यांनीच शोधलं. बोरस्ते सर दरवर्षी निफाडच्या मळ्यातून ताज्या लाल कांद्याची गोणी आणत. तो बहुतेक वेळा बाटलीवर मुळं फुटायच्या आतच सडायचा. सहादूभाऊंनी कांदे साठवायच्या हवेशीर चाळीतला जुना उन्हाळ कांदा आणला. चार दिवसांत मुळं.

त्या वर्षी पोरं मायक्रोस्कोपपुढे रांग लावून भांडली. आकृत्या वाकड्यातिकड्या आल्या, पण पाहून काढलेल्या. सहादूभाऊंचं एकच म्हणणं होतं, "आता दर बॅचला सकाळचीच मुळं द्या."

२००२ साली आमच्याकडे चर्चासत्र झालं, पदवीचं जीवशास्त्र कसं सुधारून शिकवावं यावर. बोरस्ते सरांनी निबंध तयार केला. त्यातला तक्ता सहादूभाऊंच्या बाटल्यांचा, वेळा त्यांच्या, वर नाव सरांचं.

मी विचारलं, "सर, सहादूभाऊंचं नाव?"

"मॅडम, परिचराचं नाव घालतात का? उद्या टपरीवाल्याचं घाला म्हणाल."

मी निबंधाची प्रत त्यांच्या टेबलावर परत ठेवली. त्या संध्याकाळी देवापुढे बसले, पण जप पुरा होईना.

चर्चासत्रात सर वाचत होते, सहादूभाऊ चहा वाटत होते. सटाण्याच्या एक बाई उठल्या. "आमच्याकडे कांदा सडतो. तुम्ही कोणता घेता?"

"ताजा. नवा लाल," सर ठामपणे म्हणाले.

सहादूभाऊ ट्रे घेऊन दारातच थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस कॉलेजांची माणसं सडणारा कांदा वहीत लिहून घेत होती. मी उठले. "सर, ते चूक आहे. जुना उन्हाळ कांदा लागतो. हे काम ह्यांनी केलंय. सहादूभाऊ, तुम्हीच सांगा."

त्यांनी ट्रे खाली ठेवला, शर्टाला हात पुसले आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. लोकांनी नव्यानं लिहून घेतलं. सरांनी टाळी वाजवली आणि हसत म्हणाले, "बघा, आम्ही शिपायांनाही कसं तयार केलंय."

सोमवारी सहादूभाऊंची बदली सायकल स्टँडवर झाली. कारण प्रशासकीय. प्राचार्य म्हणाले, "एका परिचरासाठी किती ताणता, मॅडम?" सरांनी प्रयोगशाळेला नवं कुलूप लावलं. ते उघडायचं थेट साडेबाराला.

मी स्टँडवर गेले. सहादूभाऊ टोकन वाटत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "खोपटात जागा हाय. कांदे इथं ठेवले तर चालतील ना?"

चालले. ते साडेआठला मुळं कापायचे, मी दुपारी बाटली पर्समधून वर न्यायचे. एखादी चोरटी वस्तू न्यावी तशी. जीवशास्त्राच्या विभागात खरंखुरं मूळ लपवून आणावं लागायचं, याची शिसारी अजून गेलेली नाही. एकदा धीर करून सरांना मी बाटली दाखवली. म्हणाले, "तुमच्या बॅचला काय ते करा. माझ्या पोरांना मार्क हवेत."

माझ्या वीस पोरांनी त्या वर्षी पेशी दुभंगताना पाहिली. सरांच्या वीस जणांनी छापील आकृती सुबक उतरवली. विद्यापीठाच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही बॅचची जर्नलं चाळली आणि सरांच्या बॅचला जास्त मार्क दिले. मग सगळे जेवायला गेले.

मी खाली स्टँडवर आले. सहादूभाऊंनी विचारलं, "पाहिलं का पोरांनी?"

"पाहिलं. सगळ्यांनी."

"मग पुढच्या वर्षीचे कांदे आत्ताच घालून ठेवतो चाळीत."

मार्कांचं मी त्यांना सांगितलं नाही.