तेरची सोयरीक आणि आठ लेकरांचा आशीर्वाद

मी सांगते, नात लिहून घेते. टीव्हीवाला म्हणतो, जगात सगळ्यात जास्त माणसं आता आपल्याच देशात. असतील बाबा. पण लोहाऱ्यात आमच्या महेशला, माझ्या नातवाला, त्यातली एक बायको मिळंना. पस्तिशीला टेकला. शेती करतो म्हटलं की पोरीकडचे चहासुद्धा अर्धाच देतात. तेरहून एक स्थळ आलं, तसे मी, महेश आणि त्याची आई निघालो.

लोहाऱ्याहून एसटीनं धाराशिव, तिथून तेरची गाडी. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढं फुकट. आधारकार्ड तेवढं विसरू नका. रस्ता बरा आहे, कंबर मात्र घरून मजबूत आणावी.

लवकर पोचलो म्हणून संग्रहालय बघितलं. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या. लई जुन्या काळी इथं मोठी बाजारपेठ होती म्हणे.

"एवढी माणसं गेली कुठं रं?" मी विचारलं.

"पुण्याला, आजी," महेश म्हणाला.

पोरीचं नाव सोनाली, धाराशिवला दवाखान्यात नोकरीला. आमच्या वेळी पोरीला चालून दाखव म्हणायचे. इथं तिनंच महेशला विचारलं, "भाकरी येते का थापायला?" महेशनं पोह्यात तोंड घातलं. "शिकतो," म्हणाला.

मग ती पाया पडायला वाकली आणि माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "अष्टपुत्रा सौभाग्यवती हो!"

पोरगी अर्ध्यातच थांबली. "आजी, आठ कुणी सांभाळायचे?"

"अगं, मला सात झाले."

"त्यातले आज तुमच्याजवळ किती हायत?"

"एक. महेशचा बाप."

"मला एकच पाहिजे. मुलगी झाली तरी एकच. चालंल का?"

विचारलं महेशला न्हाय, मला. सुनेनं मागून चिमटा काढला. दोन पुरे म्हणणारी नर्सबाई गावात आली की मी ज्वारीत लपायची. आता सगळीकडं सोयाबीन, गुडघ्याएवढं. लपायचं कुठं?

"आठांचा मागं घेते," मी म्हटलं.

"मग नवा द्या की."

"सुखात राहा. तुला वाटंल तेवढी होऊ दे."

"वाटलंच तर, आजी."

"बरं बाई, वाटलंच तर!"

तेव्हा कुठं ती पुरती वाकली. तिचा बाप हसला, आमचा घोडा मात्र घामानं भिजला.

दिवस मावळायच्या आत लोहाऱ्यात परत. चहा ठेवला तेवढ्यात फोन आला: होकार आहे. महेश कधी नाही तो पीठ मळायला बसला. भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटली. सुनेनं मधल्या खोलीतली सोयाबीनची पोती बाहेर काढायला घेतली. सात पोरं त्या खोलीत आडवीतिडवी झोपायची, पाय ठेवायला जागा नसायची. आता तिथं एकटीच यायची आहे, आणि सून मला विचारते, "आत्या, पुरंल का वो खोली?"